लावणी, पण कुठली?

नमस्कार श्रोतेहो. ‘संगीताला कप्पे कशाला? सूर लागला की झालं’ असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. नावच नसेल तर नवं गाणं शोधायचं कसं, आणि त्याविषयी बोलायचं तरी कसं? माझी तक्रार आहे ती ढोबळ नावांबद्दल.

लावणीचंच घ्या. मोबाइलवर नुसतं ‘लावणी’ टाकलं की ढोलकी कडाडते आणि एकामागून एक चित्रपटातली गाणी येतात. त्यातली बरीच मला मनापासून आवडतात. सुलोचना चव्हाणांचा तो ठसका कुणाला नको असेल? पण आता त्याच शब्दाआधी ‘बैठकीची’ एवढं जोडा आणि यमुनाबाई वाईकरांना ऐका. गायिका बसून गाते. साथीला पेटी, तबला. लय संथ. एकच ओळ ती फिरून फिरून घेते. एकदा त्यात आर्जव असतं, मग रुसवा, मग चक्क दटावणी. शब्द तेच, अर्थ मात्र दर खेपेला वेगळा. ठुमरीवर जीव टाकणारे कितीतरी रसिक या गाण्यापर्यंत पोचतच नाहीत, कारण ‘लावणी आपल्यासाठी नाही’ असं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

आणखी एक बोचतं. ठुमरी उपशास्त्रीय, आणि तिच्याच वळणाची ही लावणी मात्र लोकसंगीतात! ही विभागणी करताना गाण्यापेक्षा गाणाऱ्या बाईचा समाज पाहिला गेला, असं मला ठामपणे वाटतं.

नाट्यसंगीताचीही थोडी तीच गत. 1880चं ‘शाकुंतल’, भास्करबुवा बखल्यांच्या रागदार चालींचं 1916चं ‘स्वयंवर’ आणि जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींचं 1967चं ‘कट्यार काळजात घुसली’, सगळ्यांवर एकच शिक्का. गाणं रंगभूमीवरून आलं एवढंच त्यातून कळतं. पुढे चाल कुणाची, हे विचारावंच लागतं.

लावणी गाणाऱ्यांकडे मात्र नेमकी नावं केव्हाची आहेत. विरहाची ती बालेघाटी, छोटी आणि चटकदार ती छक्कड. म्हणून आम्हा रेडिओवाल्यांनीसुद्धा ‘आता ऐका लावणी’ म्हणून मोकळं होऊ नये. बैठकीची की फडाची, म्हणजे तमाशात नाचून सादर होणारी, रचना शाहीर राम जोशींची की शाहीर होनाजीची, गातंय कोण आणि ढोलकीवर किंवा तबल्यावर कोण बसलंय, हे गाण्याआधी सांगावं. आम्ही विसरलो, तर श्रोतेहो, पत्र पाठवून हक्कानं विचारा.