कोळशातला लहान चेहरा

फळ्यावर चिकटपट्टीने लावलेला खरबरीत कागद आणि त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, दोन वर्षांच्या मुलीचा फोटो. तो खिडकीतून एका बाजूने आलेल्या उजेडात काढलेला आहे आणि चित्रकाराने तो मुद्दाम निवडला आहे. कारण समोरून फ्लॅश पडला की गालांची गोलाई सपाट होते आणि मोबाइल फार जवळ धरला की नाक असते त्याहून मोठे येते.

सुरुवात काडीच्या कोळशाने होते. विलो झाडाच्या डहाळ्या हवा लागू न देता भाजून केलेला हा कोळसा कापडाने झटकला तरी निघतो, त्यामुळे चुकायचे ते इथेच चुकून घ्यावे. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. या वयात ते मध्याच्या खाली येतात आणि नाक, ओठ, हनुवटी उरलेल्या थोड्या जागेत दाटीने बसतात. हे माप हुकले, तर पुढे कितीही बारकावे भरले तरी कागदावर मूल न उतरता एखादी ठेंगणी बाई उतरते.

खरी कसोटी हसण्याची आहे. फोटोत नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक घडी स्पष्ट दिसते. चित्रकार ती दिसते तशी, पेन्सिलीच्या टोकाने काढतो आणि चेहरा एकदम प्रौढ होतो. मग मळून टोकदार केलेला मऊ खोडरबर तो त्या रेषेवर न घासता हलकेच टेकवतो, उचलतो, पुन्हा टेकवतो. हळूहळू रेष नाहीशी होऊन तिथे दोन करड्या छटांची केवळ सीमा उरते. पुढच्या दोन दातांमध्येही तो रेघ ओढत नाही. बोटाने सगळेच गुळगुळीत करण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण त्याने त्वचा मऊ दिसण्याऐवजी मळकट दिसते.

दाबून घट्ट केलेला, सहज न पुसला जाणारा गडद कोळसा फक्त डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी राखून ठेवला आहे. वरच्या पापणीची सावली पडल्यामुळे डोळ्यातला पांढरा भागही करडाच ठेवावा लागतो. कोरा कागद दिसतो तो दोन्ही बाहुल्यांत, खिडकीच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढा.

कोळसा कागदावर पक्का बसवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा मारला की मागाहून पुसणे अवघड होते, म्हणून बाटली अजून बंदच आहे. गालावरची ती घडी उद्या सकाळच्या उजेडात खोडरबराने आणखी थोडी उचलून फिकी करायची आहे.