नोंदणीआधी वाचायचे पान

(दृश्य : सर्व्हरांची यादी पडद्यावर सावकाश वर सरकते.)

पडद्यावर सरकणारी ही यादी मास्टोडॉन या, अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमाच्या अधिकृत संकेतस्थळावरची आहे. प्रत्येक चौकटीत एका सर्व्हरचे नाव, दोन ओळींचे वर्णन, भाषा आणि नोंदणीची पद्धत दिलेली असते. एखादा सर्व्हर विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा आहे, एखादा चित्रकारांचा, काही ठरावीक प्रदेशापुरते आहेत, तर अनेकांनी विषयाची कोणतीही चौकट घालून घेतलेली नाही. नवा माणूस बहुधा इथेच अडखळतो, कारण इतर समाजमाध्यमांवर खाते उघडताना "कोणाकडे?" हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो.

ही अडचण ओळखून २०२३ मध्ये मास्टोडॉनच्या अधिकृत ॲपने स्वतःचा मास्टोडॉन डॉट सोशल हा सर्व्हर नोंदणीच्या पहिल्याच पडद्यावर आयता पुढे केला आणि इतर सर्व्हर शोधण्याची वाट दुसऱ्या बटणामागे ठेवली. नवख्यांची सोय झाली, हे मान्य करावे लागेल. मात्र विकेंद्रित म्हणवणाऱ्या जाळ्यात जो सर्व्हर आधीच सर्वांत मोठा होता, त्याच्याकडेच नव्या लोकांचा ओघ वळवला गेला, आणि आपण काही निवडतो आहोत याची जाणीवही अनेकांना उरली नाही.

युजेन रोचको यांनी जर्मनीत मास्टोडॉनची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. ही प्रणाली मुक्त असल्यामुळे ती कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि तिथले नियम स्वतः ठरवता येतात. जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ॲक्टिव्हिटीपब या संकेतप्रणालीला मान्यता दिली. आज मास्टोडॉनचे सर्व्हर एकमेकांशी, तसेच छायाचित्रांसाठीच्या पिक्सेलफेडशी आणि चित्रफितींसाठीच्या पीअरट्यूबशी याच प्रणालीद्वारे बोलतात. या साऱ्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

(दृश्य : एका खात्याचा पूर्ण पत्ता, जवळून.)

पत्त्याचे दोन भाग इथे स्पष्ट दिसतात. पहिले नाव वापरकर्त्याचे आणि दुसरे त्याच्या सर्व्हरचे आहे. एका सर्व्हरवरील व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीला फॉलो करू शकते, उत्तर देऊ शकते, तिची पोस्ट पुढे पाठवू शकते. म्हणूनच "कुठेही खाते उघडा, फरक पडत नाही" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. स्थानिक टाइमलाइनवर केवळ आपल्याच सर्व्हरवरील लोकांच्या पोस्ट दिसतात, तर संयुक्त टाइमलाइनवर मुख्यतः आपल्या सर्व्हरवरील कोणीतरी ज्यांना फॉलो करते अशा बाहेरच्या लोकांच्या पोस्ट येतात. हॅशटॅगचा शोधही आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या पोस्टपुरताच चालतो. पाच-दहा जणांच्या सर्व्हरवर त्यामुळे सुरुवातीचे दिवस ओसाड वाटतात. मोठ्या सर्व्हरच्या बाजूने बोलणारा हा एकच मुद्दा आम्हाला वजनदार वाटतो, आणि मध्यम आकाराचा, समान आवडीच्या लोकांचा सर्व्हर निवडला तर तोही बराचसा निकालात निघतो.

(दृश्य : सर्व्हरच्या माहितीचे पान. कॅमेरा नियमावलीवर स्थिरावतो.)

नोंदणीचे बटण दाबण्याआधी वाचायचे पान ते हेच. सर्वांत वर व्यवस्थापकाचे खाते आणि संपर्काचा पत्ता आहे. त्याखाली नियमावली आहे. "सभ्यपणे वागा" एवढाच नियम लिहिलेला सर्व्हर आणि द्वेषमूलक लेखन, छळ, स्वयंचलित खाती, यंत्राने बनवलेली चित्रे यांविषयी वेगवेगळी वाक्ये लिहिणारा सर्व्हर यांत मोठे अंतर असते. अशी सविस्तर नियमावली लिहिताना कोणीतरी बसून विचार केलेला असतो आणि बहुधा कटू प्रसंगही निभावलेले असतात.

आता कॅमेरा पानाच्या तळाशी जातो आहे. निर्बंध घातलेल्या सर्व्हरांची ही सूची आहे. व्यवस्थापकाने तशी मुभा दिली असेल तरच ती बाहेरच्यांना दिसते. काही नावांपुढे "मर्यादित" असा शेरा आहे, म्हणजे तिथल्या लोकांच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाहीत, मात्र त्यांना फॉलो करणाऱ्यांना त्या दिसत राहतात. काहींपुढे "निलंबित" असा शेरा आहे, आणि तिथे दोन सर्व्हरांमधील संबंधच तुटतो. पुढच्या रकान्यात कारण लिहिता येते. २०१९ मध्ये गॅब हे अतिउजव्यांचे माध्यम मास्टोडॉनची प्रणाली वापरू लागले, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याचे नाव अशाच सूचीत टाकले आणि अनेक ॲपनीही त्याला दार बंद केले. त्यासाठी कोणत्याही मध्यवर्ती कचेरीतून आदेश निघाला नव्हता. सूची लांबलचक असली की नवा माणूस बिचकतो. आमच्या मते रिकामी सूची पाहून बिचकावे.

(दृश्य : मॉडरेटरचा पडदा. चेहरा दाखवलेला नाही, फक्त हात आणि कळफलक.)

या सर्व्हरची देखरेख स्वयंसेवक करतात आणि त्यांपैकी एकाच्या संध्याकाळच्या कामाचे हे चित्रण आहे. तक्रारींची रांग उघडली आहे. पहिल्या तक्रारीत मूळ पोस्ट, तक्रार करणाऱ्याची टिप्पणी आणि नियमावलीतील कोणता नियम मोडला याची खूण एकाच ठिकाणी दिसते, तसेच त्या खात्याला याआधी दिलेल्या ताकिदींची नोंदही दिसते. समोरचे पर्याय चढत्या क्रमाने कडक होत जातात: तक्रार निकाली काढणे, मजकुरावर संवेदनशील अशी खूण करणे, पोस्ट काढून टाकणे, खाते मर्यादित करणे आणि शेवटी निलंबन. इथे तक्रार दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाविषयी आहे. अशा वेळी तक्रार करणाऱ्याला तिची प्रत निनावी स्वरूपात त्या सर्व्हरकडेही पाठवता येते, पण तिथे ती वाचली जाईल याची हमी कोणी देत नाही. तोवर हा मॉडरेटर केवळ आपल्या सर्व्हरच्या सीमेपुरता निर्णय घेऊ शकतो. तो आधी सहकाऱ्यासाठी एक टिपण लिहितो आणि मगच बटण दाबतो.

(निवेदन थांबते. रांगेतील पुढच्या तीन तक्रारी आवाजाविना.)

अधिकृत यादीत नाव यावे यासाठी सर्व्हरांना काही अटी मान्य कराव्या लागतात. वंशवाद, लिंगभेद आणि समलिंगी वा पारलिंगी व्यक्तींविषयीचा द्वेष यांविरुद्ध सक्रिय देखरेख हवी, रोज बॅकअप घेतला जावा, अडीअडचणीला सर्व्हरची सूत्रे हाती घेऊ शकेल अशी किमान आणखी एक व्यक्ती असावी आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास वापरकर्त्यांना तीन महिन्यांची पूर्वसूचना दिली जावी. हे वचन आहे, कायदेशीर करार नव्हे. तरीही ज्याने ते दिले आहे आणि देणग्यांचा हिशेबही उघडपणे मांडला आहे, अशा सर्व्हरला आम्ही निःसंकोच पसंती देऊ. साठवणुकीचा खर्च दर महिन्याला येतो, आणि तो कोण भरतो हे वापरकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

व्यक्तिगत संदेशांविषयी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मास्टोडॉनवरील असे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, त्यामुळे सर्व्हरचा व्यवस्थापक तांत्रिकदृष्ट्या ते वाचू शकतो. मे २०२३ मध्ये कोलेक्टिवा या सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरावर, सर्व्हरशी संबंध नसलेल्या प्रकरणात, एफबीआयने छापा टाकला आणि जप्त झालेल्या सामानात सर्व्हरच्या डेटाबेसची कूटबद्ध नसलेली प्रतही होती.

सर्व्हर बंदही पडतात: मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी २०२२ च्या अखेरीस बंद झाला, आणि अफगाणिस्तानचे एएफ हे डोमेन वापरणाऱ्या क्विअर डॉट एएफचा पत्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या राजवटीत काढून घेतला गेला.

(दृश्य : नोंदणीचा अर्ज भरला जात आहे.)

निवडलेल्या सर्व्हरवर नोंदणी मंजुरीनंतरच होते, म्हणून अर्जात "आपल्याला इथे का यायचे आहे?" असा रकाना आहे. एका शब्दाचे उत्तर लिहिणाऱ्यांना स्वयंचलित खाते समजून नाकारले जाण्याची शक्यता असते. आपली आवड आणि आपण काय लिहिणार आहोत हे दोन वाक्यांत सांगितले तरी पुरते. मंजुरी हाताने दिली जात असल्यामुळे वाट पाहावी लागते, आणि ती पाहावी, कारण त्याच चाळणीतून आपले भावी शेजारीही आलेले असतात.

निवड चुकलीच तर स्थलांतराची सोय आहे. नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराचा आदेश द्यायचा, म्हणजे फॉलो करणारे लोक आपोआप नव्या पत्त्याकडे वळतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची आणि ज्यांना रोखले आहे त्यांची यादी मात्र फाइलच्या रूपात उतरवून घेऊन नव्या ठिकाणी स्वतः चढवावी लागते. जुन्या पोस्ट जुन्याच सर्व्हरवर राहतात, आणि त्या खात्यावरून पुन्हा स्थलांतर करायचे झाल्यास ३० दिवस थांबावे लागते.