अवघड गाणारा सोपं गातो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एकाच गाण्याबद्दल बोलायचं आहे. 'आर. ई. एम.' या अमेरिकी रॉक बँडचं 'एव्हरीबडी हर्ट्स'. १९९२ साली त्यांचा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हा अल्बम आला, त्यातलं हे गाणं. अल्बमचं हे विचित्र नाव जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या एका खानावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेलं आहे. हा बँडही त्याच गावचा, १९८० साली तिथंच जमलेला.

आर. ई. एम. ऐकणाऱ्यांना एक सवय लागलेली होती. गायक मायकल स्टाइप काय गातोय ते कळत नाही, हे धरूनच चालायचं. १९८३ मधल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावच 'मर्मर', म्हणजे पुटपुटणं. त्यात शब्द असे सुरांत बुडालेले की चाहते नेमका शब्द कोणता यावर वाद घालत बसायचे. मला ती गाणी आवडतात, पण ती ऐकायला डोकं ताजं लागतं, सवड लागते.

आणि मग याच माणसानं असं गाणं गायलं, की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही पहिल्या फेरीत कळावं. शब्द साधे, उच्चार स्वच्छ, एकही कोडं नाही. बँडचा गिटारवादक पीटर बक यानं पुढं सांगितलं, की हे गाणं किशोरवयीन मुलांसाठी होतं, म्हणून ते इतकं सरळ ठेवलं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. मन खचलेल्या माणसाला साधं वर्तमानपत्र वाचतानाही तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. त्याच्यापुढं रूपकं आणि प्रतिमा मांडून काय उपयोग? कलावंताला आपली हुशारी बाजूला ठेवणं सोपं नसतं. स्टाइपनं ती ठेवली.

गाण्याचा मूळ जीव मात्र स्टाइपचा नाही, ड्रमवादक बिल बेरीचा. त्यानं आणलेला तुकडा होता जेमतेम मिनिटभराचा, कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताच्या वळणाचा. बँडमधल्या चौघांनी मिळून तो वाढवला. गंमत अशी, की ड्रमवादकाच्या या गाण्यात ठोका धरलाय तो ड्रम मशीननं. त्या मशीनवरचा ठेका बेरीनंच बसवला. सुरुवातीला गिटारच्या तारा एकेक करून सुट्या वाजतात आणि खाली तो एकसुरी, न थकणारा ठोका चालू राहतो. तो घाई करत नाही, की नाटक करत नाही. मग हळूहळू व्हायोलिनचा ताफा येतो. त्याची रचना जॉन पॉल जोन्सची. हो, 'लेड झेपलिन'चाच तो. एवढ्या दणक्या बँडचा माणूस, पण इथं त्याची वाद्यं पाठीशी उभी राहतात, गायकाला झाकत नाहीत.

आता शब्दांकडं येतो. सगळ्यांनाच कधी ना कधी दुखतं, असं हे गाणं म्हणतं. पण हेच वाक्य आपण किती वेळा फटकारण्यासाठी वापरतो! कुणी धीर करून सांगतं, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही. आणि समोरून येतं, 'अरे, सगळ्यांचंच असं असतं, तुझंच काय एवढं?' बोलणारा तिथंच गप्प होतो, आणि पुन्हा काही सांगायला येत नाही. मग गाण्यातून ऐकताना हेच वाक्य का टोचत नाही?

मला कारण दिसतं ते क्रमात. गाणं 'सगळ्यांना' म्हणत सुरू होत नाही. आधी ते 'तुझ्या' दिवसाबद्दल बोलतं, की तो संपता संपत नाही. मग रात्रीबद्दल, की तिथं तू एकटाच आहेस. मग सगळ्यात कठीण गोष्ट उच्चारतं: जगणं आता पुरे झालं असं तुला वाटतंय. हे सगळं ऐकून घेतल्यावर, मान्य केल्यावर, ते म्हणतं, धरून राहा. आणि तेव्हा कुठं बाकीचे सगळे येतात. आपण घरात नेमकं उलट करतो, आणि पहिला भाग तर बहुतेकदा गाळूनच टाकतो.

या गाण्याची एक मर्यादाही सांगायला हवी. ते 'कधीकधी' दुखण्याबद्दल बोलतं. नैराश्याचा आजार कधीकधीचा नसतो. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलं, की डॉक्टर त्याकडं आजार म्हणून पाहतात, आणि त्यावर उपचार आहेत. गाणं हे औषध नव्हे. जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येनं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १५ ते २९ या वयात मृत्यूच्या मोठ्या कारणांत आत्महत्या तिसरी आहे. बकनं ज्या मुलांचा विचार केला, त्यांच्यातलीच ही मुलं.

म्हणूनच १९९५ साली ब्रिटनमध्ये झालेली एक गोष्ट मला नेमकी वाटते. 'समॅरिटन्स' ही तिथली जुनी संस्था, चॅड व्हारा या धर्मगुरूनं १९५३ मध्ये लंडनला सुरू केलेली. खचलेल्या माणसाचा फोन घ्यायचा, उपदेश न करता ऐकायचं, हे तिचं काम. तिनं एक जाहिरात केली. तिच्यात या गाण्याचे शब्द होते आणि खाली संस्थेचा फोन नंबर. गाणं 'धरून राहा' म्हणतं. पण कशाला धरायचं, याचं उत्तर त्या नंबरात होतं.

तुमच्यापैकी कुणी आज तशा अवस्थेत असेल, तर गाणं जरूर ऐका, पण एकट्यानं ऐकत बसू नका. कुणाला तरी आजच सांगा: घरच्यांना, मित्राला, डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनवरच्या अनोळखी माणसाला. आणि तुमच्याकडं कुणी सांगायला आलं, तर मगाशी म्हटलेला क्रम लक्षात असू द्या.

आता गाणं लावतो. सव्वापाच मिनिटांचं आहे, मध्ये तोडणार नाही.