४९१.०३च्या खाली

मित्रहो, साहेबांना जाऊन गेल्या आठवड्यात वर्ष झालं. त्यांच्यावर बोलायचं ठरलं तेव्हा मी आधी वहिनींना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "बोला. पण जे होतं तेवढंच बोला." तसाच प्रयत्न करतो. पाटबंधारे खात्यात मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. त्यातली निम्मी उजनी धरणावर गेली.

उन्हाळ्यात दोन सोलापूरकर भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी उजनी विचारतात. प्लस आहे का मायनस? धरणात पाणी दिसतंय आणि पेपरात उणे टक्के छापलेत, हे कोडं साहेब कुणालाही उलगडून सांगायचे, अगदी रिक्षावाल्यालासुद्धा. पिंपाला तोटी तळाशी नसते, थोडी वर असते. तोटीच्या खाली पाणी असतंच, पण आपोआप बाहेर येत नाही. उजनीची तोटी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरवर, आणि धरण भरतं ४९६.८३ला. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त तोटीच्या खालचा, म्हणजे मृत साठा. वर उरतात साडेत्रेपन्न. साहेब म्हणायचे, जिल्ह्याचे ऊस, केळी, डाळिंब, सगळं या वरच्या सहा मीटरांच्याही आतल्या पाण्यावर उभं आहे. पाणी तोटीच्या खाली गेलं, म्हणजे मायनस सुरू झालं, की पिण्यासाठी दुबार, मग तिबार पंपिंग, म्हणजे दोन-तीन टप्प्यांत पाणी उचलायचं. नदीतून सोडलेलं पाणी वाटेतलं कोरडं पात्र भिजवत सोलापूर शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्याला यायचं, म्हणजे मधे किती मुरणार! हे बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा.

ते गिरणी कामगाराचे चिरंजीव. भोंग्यावर उठणारं घर. सांगलीच्या वालचंदमधून सिव्हिल करून आले ते थेट ७२च्या दुष्काळात. पहिली नेमणूक रस्त्याच्या दुष्काळी कामावर. बायका खडी फोडायच्या, पोरं सुकडीच्या रांगेत उभी राहायची. मजुरी मोजमापावर, म्हणून साहेबांनी टेप कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. त्या दिवसांबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. एका बाईनं विचारलं होतं, "साहेब, हा रस्ता कुठं जातो?" रस्ता नकाशावर होता, पण त्या बाईला सांगण्यासारखं गाव त्याच्या टोकाला नव्हतं. पुढे उजनीच्या कामावर बदली मिळाली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. या खोदण्याचं काहीतरी होणार होतं.

१९८०ला धरण पुरं झालं. मला वाटतं, त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांचा अभिमान तिथेच थांबला. साहेबांचा थांबला नाही, कारण बुडीत रेषेच्या खुणा त्यांनी स्वतः रोवल्या होत्या. कुणाचं घर रेषेच्या आत, कुणाचं बाहेर, हे त्यांना तोंडपाठ होतं. लाभक्षेत्रात दौऱ्यावर गेलं की ते पुनर्वसित वस्तीकडे जीप वळवायचे, पाटाचं पाणी पोचतं का विचारायचे. बऱ्याचदा उत्तर "नाही" असायचं, आणि ते त्यांना मनापासून लागायचं. ज्यांनी काळी जमीन पाण्याखाली दिली त्यांना आधी पाणी मिळावं, या बाबतीत मी आजही साहेबांच्याच बाजूचा आहे.

घरी ते अगदी साधे. वहिनी शाळेत शिक्षिका, दोन मुली. वहिनी आजारी पडल्या त्या वर्षी साहेब भाकरी शिकले. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्या मुलींनी शेंगाचटणीबरोबर मुकाट्यानं खाल्ल्या. नंतर इतक्या सुरेख जमल्या की वहिनी बऱ्या झाल्यावरही रविवारची परात त्यांच्याकडेच राहिली. रोज सकाळी पेपर आला की उजनीची पातळी वहीत टिपायची. निवृत्तीनंतरही एक दिवस चुकला नाही.

२०२४च्या मे महिन्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. पळसदेवचं पाण्याखालचं जुनं मंदिर उघडं पडलं. साहेब म्हणाले, मला घेऊन चला. मी, ते, धाकटी आणि तिचा मुलगा, असे गेलो. भेगाळलेल्या गाळात पाय टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या. ऊन मी म्हणत होतं. तिथं एक म्हातारे गृहस्थ जोत्याच्या दगडांवर काठी टेकवत नातवाला दाखवत होते, हा उंबरा, ही चूल. साहेब त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, इथली खूण मी रोवली होती." ते गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बसा." दोघं त्या जोत्यावर तासभर बसले. काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही. ऐकायला जवळ जावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. परतताना टेंभुर्णीपर्यंत साहेबांनी नातवाचा हात सोडला नाही.

पुढच्याच महिन्यात ते गेले. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत होतं, त्या दिवशी पहाटे तीनला आलं. नेहमीप्रमाणे ते उठले, आधी शेजारच्या एकट्या आजींचं पिंप भरलं, मग घरचं. मोटार बंद केली आणि ओट्याजवळच्या खुर्चीत बसले. साडेपाचला वहिनी चहाला उठवायला गेल्या.

शेवटची आंघोळ त्यांना त्याच पाण्यानं घातली, त्यांनीच भरून ठेवलेल्या. पुढच्या पाळीला नळ आला तो रात्री एकला. धाकटी उठली आणि पाइप घेऊन आधी शेजारी गेली.