काळीतली पांढर

(दृश्य: मे महिना. तापीकाठची शेतं, ड्रोनमधून.)

हे शेत बघा. नांगरट झालीय, ढेकळं उन्हात तापत पडलीत, जमीन तव्यासारखी काळी. आणि मधोमध हा राखाडी डाग, कुणी पिठाची परात पालथी घालावी तसा. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच: ती पांढर.

पिकाची जमीन काळी, वस्तीची पांढरी, ही वाटणी आपल्या बोलण्यात फार जुनी आहे. एका जागी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, हाडं, चुना, पडलेल्या भिंतींची माती असं सगळं साचत जातं. घर पडतं, त्याच मातीवर दुसरं उभं राहतं. जमीन उंचावते आणि तिचा रंग उतरतो. वरून आपल्याला दिसतो तो हा उतरलेला रंग.

(दृश्य: प्रकाशे, तापी-गोमाई संगम. सकाळचं ऊन.)

प्रकाशे गावचं टेकाड 1955 साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणलं. तळाशी ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांब्याची नि दगडाची हत्यारं सोबत वापरली जायची तेव्हाची, वस्ती निघाली. एवढ्या उंच टेकाडाला रंगाची गरज नसते. सूर्य तिरपा असताना फोटो घ्या, सावलीच त्याचा आकार काढून देते. दुपारी बाराला घ्याल तर सपाट रान दिसेल. धुळे जिल्ह्यातल्या कवठ्याला मात्र सावली उपयोगाची नाही. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात खड्ड्यात बांधलेली घरं सापडली, पण वस्तीचा थर पातळ. टेकाड असं उठतच नाही.

काही टेकाडं तर धाब्यावर, म्हणजे घरांच्या मातीच्या सपाट छपरांवर, चढली. पांढरी माती पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून घराच्या धाब्यावर टाकायला लोक तीच खणून न्यायचे. गाडीभर मातीत चार-दोन खापरं जायचीच.

(दृश्य: हरभऱ्याचं शेत, वरून. पिकात एक गोल.)

आता हा गोल. आम्ही तो पहिल्यांदा संगणकावर पाहिला तेव्हा खुर्चीतून उठलोच होतो. आत पिवळट चकती, भोवती हिरवं कडं, बरोबर मधे एक ठिपका. इंग्लंडमध्ये असं दिसलं तर पुरातत्त्ववाले थडग्याभोवतीचा चर म्हणतील. बुजलेल्या चरातली भुसभुशीत माती ओल धरते, तिथलं पीक उंच वाढतं आणि चार दिवस जास्त हिरवं राहतं. खाली दगडी पाया असेल तर उलट, पीक खुरटतं, लवकर पिवळं पडतं.

तिथेही फसगत होतेच. स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळची एक जागा लोक नांगराने सपाट झालेलं थडगं समजत होते. 1925 साली गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाने ती हवेतून टिपली, मग उत्खनन झालं आणि लाकडी खांबांच्या खड्ड्यांची एकात एक सहा कडी निघाली. जागेचं नाव पडलं वुडहेंज.

पण ती जमीन खडूची. पांढऱ्या खडूत खणलेला चर हजारो वर्षं काठ सोडत नाही. आपली काळी उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची माती खाली जाते, पावसात फुगून पुन्हा मिटते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. इथे चार हजार वर्षांपूर्वीच्या चराची कड एवढी कोरीव दिसावी, याचाच खरं तर संशय यायला हवा होता.

(दृश्य: तेच शेत, जमिनीवरून. बांधावर एक वृद्ध शेतकरी.)

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि हसले. "भाऊ, आठे आमनं खळं व्हतं."

खळं! शेणाने सारवलेलं, बैलांच्या पातीने वर्षानुवर्षं तुडवून दगडासारखं झालेलं. तिथे मुळं खोल जात नाहीत, म्हणून पिवळी चकती. कडेला भूस कुजलं, ते हिरवं कडं. आणि मधला ठिपका म्हणजे मेढीचा, ज्या खांबाभोवती बैल फिरायचे त्याचा, खड्डा. मळणी यंत्रावर गेल्यापासून खळं मोडलं, पण पीक अजून ते विसरलं नव्हतं.

आमचे चेहरे बघून बाबांना दया आली असावी. "खापरं तठे सापडतस, नालाकडे."

(दृश्य: नाल्याचा काठ. तळहातावर खापर.)

काठ ढासळला होता तिथे राखेचा पट्टा उघडा पडला होता, वीतभर जाड. त्यातून हे आलं. बदामी रंग, वर काळ्या रेघा, आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांचे वळ.

(दृश्य: पुन्हा तोच हवाई फोटो. नाल्याच्या जागेवर कॅमेरा थांबतो.)

फोटोत या जागी केळीची बाग आहे. हिरवीगार, एकसारखी, कुठेही डाग नाही.