काळा ढग अजून पडद्यावर आलेला नाही

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक दृश्य सांगते. अमेरिकेत एका अंधाऱ्या खोलीत एक तरुण नॉर्वेजियन विद्यार्थी यंत्राच्या भिंगाला डोळा लावून बसला आहे. यंत्रात काचेच्या दोन फोटोप्लेटा आहेत. दोन्ही आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, पण साधारण महिन्याभराच्या अंतरानं घेतलेल्या. यंत्र त्या आळीपाळीनं दाखवतं. खट्-खट्, खट्-खट्. जे तारे जसेच्या तसे आहेत ते स्थिर दिसतात. काही बदललं असेल तर तेवढंच लुकलुकतं. प्लूटो १९३० साली सापडला तो असाच. हा मुलगा स्फोट पावलेले तारे शोधतोय. एखादा ठिपका लुकलुकेल एवढीच त्याची अपेक्षा. आणि एका जागी त्याला ताऱ्यांचं अख्खं कडंच लुकलुकताना दिसतं. मधोमध काळा गोल. त्याच्या काठावरचे तारे जुन्या प्लेटवर आहेत, नव्या प्लेटवर नाहीत. म्हणजे तो गोल महिन्याभरात मोठा झालाय.

फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी इथून वेग घेते. ती १९५७ साली आली. त्याच वर्षी बीबीसीच्या रेडिओवर तिचं नभोनाट्य झालं. पण चित्रपट आजवर झालेला नाही. विज्ञानकथांवरचे इतके चित्रपट, इतक्या मालिका दर वर्षी येतात, काही पुस्तकांची तर दोन-दोन, तीन-तीन रूपांतरं होतात, आणि हे पुस्तक तसंच पडून आहे. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला त्याची जुनी प्रत मिळाली होती, पानं पिवळी पडलेली. त्या रात्री मी ते संपवूनच झोपले. तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर चालूच आहे. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

हॉईल हे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ. आपल्या शरीरातला कार्बन, रक्तातलं लोह ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात, हे मांडणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. तो प्रसिद्ध शोधनिबंधही १९५७चाच. विश्वाच्या जन्माला ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच दिलं, तेही १९४९ साली रेडिओवरच्या एका भाषणात, आणि ती कल्पना स्वतःला पटत नसताना. रेडिओवर बोललेला एखादा शब्द किती लांब जातो, ते यावरून कळतं.

तर परत त्या काळ्या गोलाकडे. तो एका बाजूला सरकत नाही, जागच्या जागी फुगतो. म्हणजे तो थेट आपल्याकडे येतोय. कधी पोचेल? इथे हॉईल वाचकाला एक हिशेब करून दाखवतात आणि तो मला फार आवडतो. ढग किती लांब आहे माहीत नाही, किती वेगानं येतोय तेही माहीत नाही. तरीही उत्तर काढता येतं. समजा महिन्याभरात तो दिसायला पाच टक्क्यांनी मोठा झाला. म्हणजे महिन्याभरात त्यानं अंतराचा साधारण विसावा भाग कापला. म्हणजे वीस महिने. झालं! फळ्यावर एक ओळ, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळतं की दीड-दोन वर्षांत हे संकट दारात असणार आहे. कॅमेऱ्याला याहून जास्त काय हवं? खडू थांबतो आणि कोणी काही बोलत नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये वेगळीच घालमेल चाललेली असते. ग्रह जिथे दिसायला हवेत तिथे दिसत नाहीत. एका हौशी निरीक्षकाच्या नोंदी आधी कोणी गंभीरपणे घेत नाही. ख्रिस किंग्जली नावाचा केंब्रिजचा प्राध्यापक उलट हिशेब मांडतो. ग्रहांना ओढणारं काहीतरी बाहेरून आलेलं असणार. ते किती जड आणि आकाशात कुठे? आकडे येतात, आणि तो अमेरिकेला तार करतो की अमुक ठिकाणी काही वेगळं दिसतंय का, कृपया कळवा. तिकडे ज्यांनी तो काळा गोल नुकताच पाहिलाय आणि अजून कोणाला सांगितलेलाही नाही, त्यांच्या हातात ही तार पडते! एकानं डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्यानं न पाहता कागदावर शोधलं, आणि जागा तीच. या पुस्तकात पाठलाग नाहीत, मारामाऱ्या नाहीत. अंगावर काटा येतो तो अशा प्रसंगांनी.

मग सरकारं जागी होतात. गुप्ततेच्या नावाखाली शास्त्रज्ञांना नॉर्टनस्टो नावाच्या एका मोठ्या घरात जवळजवळ कोंडूनच ठेवतात. ढग येतो. आधी असह्य उष्मा, मग सूर्य झाकला गेल्यावर अंधार आणि गोठवणारी थंडी. गणिताप्रमाणे ढग सूर्याजवळून पुढे निघून जायला हवा होता. तो जात नाही. वेग कमी करतो आणि सूर्याभोवती थांबतो.

यानंतरचा भाग तर रेडिओवाल्यांचाच आहे. घरातल्या मंडळींचे रेडिओ संदेश मधेच बंद पडायला लागतात. वातावरणाच्या वरच्या थरात काहीतरी बदलतं आणि लहरी पोचत नाहीत. ते लहरींची लांबी बदलतात, वरचा थरही बदलतो. ते प्रक्षेपण थांबवतात, तोही शांत होतो. पुन्हा सुरू करतात, पुन्हा तेच. किंग्जली सगळ्या शक्यता एकेक करून बाजूला काढतो आणि शेवटी जे उरतं ते बोलून दाखवतो: ढगाला बुद्धी आहे. हॉईल दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करत होते. ती सगळी जाण या पानांत उतरलेली आहे. हा निष्कर्ष आकाशवाणीसारखा वरून पडत नाही, तो आपल्यासमोर पायरीपायरीनं चढत येतो.

ढगाला भाषा शिकवली जाते. तो बोलायला लागतो तेव्हा त्याच्यासाठी जो माणसाचा आवाज वापरला जातो, तो असतो त्या घरातल्या माळ्याचा. त्यामुळे हे अफाट जुनं, अफाट शहाणं अस्तित्व खेडवळ इंग्रजी हेल काढून बोलतं, आणि सगळे त्याला माळ्याच्याच नावानं ‘जो’ म्हणायला लागतात. मराठीत हे नाटक बसवलं तर त्या ढगाच्या तोंडी वऱ्हाडी द्यावी की मालवणी, यावर मी मनाशी बराच विचार केलाय. मला वऱ्हाडी वाटते. त्या बोलीत एक सरळपणा आहे, मोठी गोष्ट सहज सांगून टाकण्याचा.

मग येतं संगीत. त्या घरात एक पियानोवादक बाई आहे. ती बीथोव्हेनची एक अवघड सोनाटा वाजवते, ती ढगाला ऐकवली जाते, आणि ढग म्हणतो, पहिला भाग पुन्हा ऐकवा, पण जरा जलद. बीथोव्हेननं स्वतः त्या भागाला फार जलद लय लिहून ठेवली होती. वादक ती कठीण म्हणून सहसा उतरवून घेतात. ज्यानं पृथ्वी कधी पाहिली नव्हती, कान म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही, त्याला मूळ लय कळते. हा प्रसंग नीट चित्रित झालेला मला मरण्याआधी एकदा बघायचा आहे.

मग हे पडद्यावर का आलं नाही? मला वाटतं, यात माणसं खोलीत बसून विचार करतात आणि बोलतात, याचीच निर्मात्यांना भीती वाटत आली असेल. ती भीती आता धरायचं कारण नाही. चेर्नोबिलवरची मालिका २०१९ साली आली. तिच्या शेवटच्या भागात एक शास्त्रज्ञ न्यायालयात उभा राहून लाल आणि निळ्या पाट्या लावत अणुभट्टी कशी फुटली ते समजावतो. जगभरच्या लोकांनी ते श्वास रोखून पाहिलं. समजून घेण्यातही थरार असतो, हे तिथे सगळ्यांनी अनुभवलं. शिवाय सूर्यमालेबाहेरून येणारे पाहुणे आता कल्पनेतले राहिलेले नाहीत. पहिला २०१७ साली दिसला, दुसरा २०१९ साली, तिसरा जुलै २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी लोकांनी विचारलं, हे नैसर्गिकच आहे ना? किंग्जलीच्या घरातला प्रश्न आज घराघरात विचारला जातोय.

पुस्तकात उणिवा आहेत. निर्णय घेणारे जवळजवळ सगळे पुरुष आहेत, आणि किंग्जलीचा राजकारण्यांबद्दलचा तुच्छभाव कधी कधी लेखकाचाच वाटतो. याहून मला खुपतं ते वेगळंच. ढग जवळ येताना उष्ण प्रदेशांत माणसं प्रचंड संख्येनं मरतात, आणि हॉईल ते थोड्याशा परिच्छेदांत सांगून पुन्हा त्या इंग्लिश घरात परततात. नव्या रूपांतराला इथे मोठी संधी आहे. तो उष्मा मला चंद्रपूरच्या एखाद्या गल्लीतून बघायचा आहे. दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, आणि रेडिओवरून विलायतेतले विद्वान सांगताहेत की धीर धरा.

एक अट मात्र हवी. ढगाला बाजूला सारून दोन माणसांची प्रेमकथा करू नये. स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाच्या ‘सोलारिस’चं हेच झालं. १९६१ची ती कादंबरी, तिच्यावर १९७२ आणि २००२ साली गाजलेले चित्रपट निघाले. त्या कथेत एक महासागर आहे, जिवंत आणि माणसाला न कळणारा, आणि लेखकाला लिहायचं होतं ते त्याच्याबद्दल. चित्रपटवाल्यांनी नायक आणि त्याची गेलेली बायको धरून ठेवली. पुस्तकाचं नाव सोलारिस आहे, अंतराळातलं प्रेम असं नाही, अशा अर्थाचं लेमनं पुढे लिहिलं. सुंदर चित्रपट निघूनही महासागर अजून पडद्यावर यायचा राहिलाच आहे.

हॉईल यांची एक गोष्ट मात्र पडद्यावर आली होती, तिची हकिगत ऐका. १९६१ साली बीबीसीनं ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका केली. हॉईल आणि जॉन एलियट यांचं लेखन होतं. रेडिओ दुर्बिणीला अवकाशातून एक संदेश मिळतो, तो उलगडला तर निघतो एका संगणकाचा आराखडा. माणसं तो संगणक बांधतात, आणि मग तो संगणक स्वतः एक सजीव घडवतो. ज्युली क्रिस्टी या नटीला या मालिकेनंच नाव मिळवून दिलं. आणि पुढे त्या टेपा पुसल्या गेल्या. त्या काळी टेप महाग, जुन्या कार्यक्रमांची किंमत कोणाला वाटत नव्हती. आज सातांपैकी एकच भाग पूर्ण उरलाय, बाकी तुकडे. २००६ साली बीबीसीनं ती कथा पुन्हा केली, पण एकाच बैठकीत आटोपती. सात भागांत जी शंका हळूहळू वाढत जायची, तिला तेवढ्यात जागा कुठून मिळणार?

आणि आता आपल्या घरची गोष्ट. ‘द ब्लॅक क्लाउड’ आली त्याच १९५७ साली कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण केंब्रिजला शिकायला गेला आणि पुढे हॉईल यांचाच विद्यार्थी झाला. जयंत नारळीकर. गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, आणि गुरूसारखंच शिष्यानंही कथा लिहायला घेतल्या, मराठीत. पहिली ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती, आपली आद्याक्षरं उलटी करून. कथेला बक्षीस मिळालं ते कथेच्या गुणांवर. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी मी शाळेत असताना वाचली, आणि हॉईल वाचल्यावर पुन्हा वाचली. गुरूच्या ‘अँड्रोमेडा’त आराखडा आकाशातून येतो, शिष्याच्या कथेत तो जमिनीतून निघतो. पुरलेली एक पेटी, तिच्यात एका प्रगत संस्कृतीचं ज्ञान. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ मिळून ते कोडं सोडवतात, आणि त्यातून घडतो वामन नावाचा यंत्रमानव. ती संस्कृती कशानं लयाला गेली हे कळेपर्यंत वामन आपल्यात वावरत असतो. वामन म्हटल्यावर पुढचं पाऊल कुठे पडणार, ही धास्ती मराठी प्रेक्षकाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. नाव ऐकलं की बळीची मान दिसते. आणि जेव्हा शाळकरी पोरंही यंत्राशी गप्पा मारताहेत, अशा या दिवसांत ही कथा सहा भागांत, मराठीत, का होऊ नये? अंतराळयानं नकोत, मोठे देखावे नकोत. तीन चांगले नट हवेत, एक प्रयोगशाळा हवी, आणि शास्त्राचा संवाद कापून टाकणार नाही असा दिग्दर्शक हवा.

श्रोत्यांमध्ये कोणी असा असेल, तर सुरुवात मी सुचवते. काळा पडदा. दूरवर खणण्याचा आवाज, मजुरांचं बोलणं. मग पहार कशावर तरी आपटते. दगडाचा आवाज नाही, मातीचा नाही. सगळे थबकतात. कोणीतरी म्हणतं, “थांबा, पहार नको. हातानं माती काढा.”

नमस्कार.