परक्या भाषेची वाट कुठून मोजायची?

[दृश्य : पुणे. डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळ. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर मुलामुलींची गर्दी.]

डिसेंबरातला पहिला रविवार. या फाटकाबाहेर एवढी मुलं उभी आहेत, पण गलका नाही. कुणी चौकोनी वहीतली अक्षरं डोळ्यांखालून घालतंय, कुणी नुसतेच ओठ हलवतंय. आज जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा आहे. एन-फाइव्ह ही पहिली पायरी, एन-वन ही सगळ्यांत वरची. इंजिनिअरिंगची मुलं आहेत, कारखान्यात नोकरी करणारे आहेत, पन्नाशी उलटलेल्या एक-दोन काकूही दिसतायत.

मी या फाटकातून कितीदा आत गेले ते आता मोजत नाही. आधी जर्मन शिकले, मग जपानी. आता शिकवते. दर जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालक एकच प्रश्न विचारतात : "मॅडम, यातली सोपी कुठली?"

प्रश्न रास्त आहे. फी भरायची आहे, दोन-तीन वर्षं घालायची आहेत. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर आठवड्यांचा तक्ता.]

इंटरनेटवर याचं एक तयार उत्तर सापडतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. परदेशातल्या वकिलातींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना ती भाषा शिकवते. कुठल्या भाषेला किती वेळ लागतो, याचा आडाखा तिने वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून बांधलाय. स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच : २४ ते ३० आठवडे. जर्मन : ३६ च्या आसपास. रशियन : ४४. आणि शेवटच्या खणात अरबी, चिनी, कोरियन, जपानी : ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २,२०० तास.

हा तक्ता खोटा नाही. पण त्यात आणखी एक नाव आहे, तिथे जरा थांबा. हिंदी. ४४ आठवडे. स्पॅनिशच्या जवळजवळ दीडपट.

आपल्याकडे हिंदीचा क्लास लावून ४४ आठवडे कोण बसलंय? टीव्ही बघता बघता, रिक्षावाल्याशी बोलता बोलता ती आली. म्हणजे तक्त्यातले आठवडे त्या भाषेचं वजन सांगत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या उंबऱ्यापासून ती भाषा किती लांब आहे, ते सांगतात. आपला उंबरा वेगळा आहे. तिथून ही अंतरं पुन्हा मोजायला हवीत, आणि मराठीत ती कुणी मोजून ठेवलेली नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. मग जर्मन घेऊन बसलेली मराठी मुलंसुद्धा इंग्रजांच्या अडचणी स्वतःच्या समजून घाबरतात.

[दृश्य : रस्त्याकडेला जुन्या पुस्तकांचं दुकान. जर्मन व्याकरणाच्या पुस्तकाची पानं उलटली जातात.]

जर्मनचंच बघू. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आणि नामाच्या आधी त्यांची खूण लागते : डेर, डी, डास. इंग्रजी माणसाला इथेच पहिली ठेच लागते. निर्जीव टेबलाला लिंग कशाला, हे त्याला कळत नाही. आपण मात्र तो ओटा, ती खिडकी, ते दार असं बोलतच मोठे झालो. जर्मनमध्ये मुलीला 'मेडशेन' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी. शब्दाच्या शेवटी लहानपण दाखवणारा 'शेन' आला की लिंग नपुंसक, असा तिथला नियम. इंग्रजी पुस्तकांत यावर केवढं आश्चर्य व्यक्त केलेलं असतं. पण गोव्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या मुलाला हे सांगून बघा. कोकणीत मुलगी म्हणजे 'चेडूं', आणि 'तें चेडूं'. त्याला यात नवल वाटत नाही. आपल्यालाही 'ते पोरगं', 'ते लेकरू' सहज चालतं.

लिंगं तीन आहेत, पण ती जुळत नाहीत, हेही खरं. आपला सूर्य 'तो', त्यांची 'झोन्ऽ' म्हणजे 'ती'. शब्दाबरोबर लिंगही पाठ करावंच लागतं. मग विभक्ती. आपण 'कुत्रा'चं 'कुत्र्याला' करतो, शब्द आतून बदलतो. जर्मन माणूस बहुतेक वेळा 'हुंड', म्हणजे कुत्रा, तसाच ठेवतो आणि त्याच्या आधीचा 'डेर' बदलून 'डेन', 'डेम' करतो. फेरफार कुठे होतो ती जागा बदलली, एवढंच.

आणि आकडे. अठ्ठेचाळीस म्हणताना आपण आठ आधी म्हणतो, चाळीस नंतर. जर्मनही तसंच म्हणतो : 'आख्ट-उंड-फिर्त्सिश', आठ आणि चाळीस. ऐकताना पहिल्यांदा आठ येतो, लिहिताना पहिल्यांदा चार लिहायचा. ही कसरत आपल्या हाताला पहिलीपासून ठाऊक आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मनच्या वर्गात मला तो हमखास आठवतो.

फ्रेंच माणूस ऐंशीला 'चार वीस' म्हणतो. खेड्यातल्या जुन्या माणसांची विसांची मोजणी ज्याने ऐकली आहे, त्याला याचं काही वाटू नये.

[दृश्य : फळ्यावर देवनागरीत 'प – फ', 'त – थ', 'क – ख' या जोड्या.]

चिनीबद्दल थोडक्यात. सुरांवर अर्थ बदलतो, आणि त्या बाबतीत आपल्या कानाला कसलीच तयारी नाही. ती मेहनत मुळापासून करावी लागते. पण प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा भेद चिनीत पदोपदी आहे. इंग्रजी माणसाला तो सहज ऐकू येत नाही. रोमन लिपीतही त्यासाठी वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून चिनी लिहिताना 'ब' आणि 'प' यांच्या अक्षरांवर भागवलं जातं. आपल्या बाराखडीत ही अक्षरं स्वतंत्र घरं करून बसली आहेत.

अरबी : लिपी उजवीकडून डावीकडे, गळ्यातून निघणारे आवाज, आणि तीन व्यंजनांच्या धातूतून फुटणारे शब्द. ही शब्द फुटण्याची रीत अवघड म्हणून सांगतात. पण 'हुकूम' आणि 'हाकीम' हे शब्द आपण शेजारी शेजारी ठेवून बघतच नाही. ह-क-म. किंवा 'खबर' आणि 'अखबार'. फारसीमार्फत ही बियाणी आपल्याकडे कधीच येऊन पडली आहेत.

आता जपानी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

[दृश्य : सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर घडवलेलं तळं, पूल, छाटलेली झुडपं.]

'वाताशी वा तोमोदाची नो इए ए इकिमासु.'

सुटं करू. वाताशी वा : मी. तोमोदाची : मित्र. नो : चा, ची, चे. इए : घर. ए : कडे, ला. इकिमासु : जातो. मी, मित्राच्या, घरी, जातो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हेच वाक्य इंग्रजीत नेताना अर्धं उलटंपालटं करावं लागतं. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि दोन्ही शब्दाच्या मागे लागतात, आपल्यासारखेच.

वर्गात मुलांचे डोळे चमकतात तो दिवस मात्र याच्या पुढचा. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिते : 'ताबेते मिरु'. ताबेरु म्हणजे खाणे, मिरु म्हणजे बघणे. दोन्ही मिळून काय? पुस्तकात इंग्रजीतून तीन ओळींचं स्पष्टीकरण आहे. मी म्हणते, ते वाचू नका, मराठीत म्हणून बघा. मागच्या बाकावरून उत्तर येतं : "खाऊन बघणे!"

पुढे 'काइते ओकु'. काकु म्हणजे लिहिणे, ओकु म्हणजे ठेवणे. लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. 'मोत्ते इकु', घेऊन जाणे. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. त्या 'टाकणे'त जी हुरहूर आहे, नको होतं तरी होऊन गेलं अशी, तीसुद्धा तिथे 'शिमाउ'मध्ये आहे. 'इकु तो इत्ता', जातो म्हणाला. इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणारी मराठी मुलं हे सगळं परकं म्हणून घोकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. घरातली वस्तू बाजारातून विकत आणल्यासारखं आहे ते.

पाऊस तिथे 'झाआझाआ' पडतो, आपल्याकडे धो धो. छाती 'दोकिदोकि' करते, आपली धडधडते. चांदणी 'किराकिरा', आपली लुकलुकते. असे जोडशब्द जपानीत ढिगाने आहेत, आणि ते पोरकट समजले जात नाहीत. मराठीतही नाहीत.

उच्चाराचं सांगते. चहातला च आणि चमच्यातला च वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. चमच्यातला तो च जगातल्या कितीतरी लोकांना शब्दाच्या सुरुवातीला जमत नाही. 'त्सुनामी' म्हणताना ते त गिळून टाकतात. आपण 'चुना' म्हणतो तिथेच जीभ टेकवायची आणि पुढे 'मी' लावायचं. झालं.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. 'ओबासान' म्हणजे काकू, मावशी. 'ओबाआसान' म्हणजे आजी. मधला आ किंचित लांबला की वय वीस-पंचवीस वर्षांनी वाढतं.

[दृश्य : चौकोनी वहीचं पान अगदी जवळून. पेन्सिल एक चौकट काढते, मध्ये आडवी रेघ.]

मग ८८ आठवडे जातात कुठे? इथे.

ही चौकट. मध्ये एक आडवी रेघ. चार फटकाऱ्यांत पुरी होते. अर्थ : सूर्य, किंवा दिवस. जपानीत रविवार लिहिताना तीन चित्राक्षरं लागतात आणि त्यांत हे दोनदा येतं, पहिलं आणि तिसरं. शब्द आहे 'निचियोबी'. पहिल्या जागी त्याचा उच्चार 'निचि', तिसऱ्या जागी 'बी'. अक्षर तेच, शब्द तोच, उच्चार दोन.

हे झालं साधं उदाहरण. पाच रेघांचं दुसरं एक अक्षर आहे, जन्म आणि जीवन या अर्थाचं. 'गाकुसेइ' म्हणजे विद्यार्थी, 'सेन्सेइ' म्हणजे शिक्षक, या दोन्हींत ते 'सेइ'. 'इश्शो' म्हणजे सारं आयुष्य, तिथे ते 'शो'. जगणे या अर्थी 'इकिरु'. जन्मणे या अर्थी 'उमारेरु'. उगवणे या अर्थी 'हाएरु'. आणि कच्चं या अर्थी 'नामा'. उच्चार अजूनही आहेत, मी थांबते.

रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत अशी २,१३६ चित्राक्षरं आहेत. ती आली की वर्तमानपत्र वाचता येतं. इथे आपल्या मराठीचा काही उपयोग नाही. देवनागरी वाचणाऱ्याची सवयच उलट आड येते, कारण जे लिहिलं तेच म्हणायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. चिनी विद्यार्थी आपल्या शेजारी बसला तर व्याकरणात चाचपडतो, पण वाचनात झरझर पुढे निघून जातो, कारण त्याचा उंबरा त्या बाजूला आहे.

उपाय एकच, वही. रोज पाच अक्षरं, प्रत्येक वीसदा. आता फोनवर टाइप केलं की अक्षर आपोआप समोर येतं, प्रावीण्य परीक्षेतही लिहायचं काही नसतं, फक्त गोल काळे करायचे. तरी मी मुलांना हाताने लिहायला लावते. हाताने लिहिलेलं अक्षर महिन्याभरानेही ओळखू येतं, नुसतं पाहिलेलं येत नाही. माझ्या वर्गात हे मी दरवर्षी बघते.

[दृश्य : ऑफिसातलं टेबल, फोन.]

दुसरी एक अडचण आहे, आणि ती पुस्तकात समजूनही अंगात उतरत नाही. ती आदराची.

आदरार्थी बोलणं आपल्याला नवं नाही. तू, तुम्ही, आपण. जपानीतही क्रियापदं पायरीपायरीने बदलतात, त्यामुळे मराठी मुलांना वाटतं, हे तर आपलंच. मलाही वाटलं होतं. पहिल्या नोकरीत जपानी ग्राहकाचा फोन आला आणि त्याने आमच्या साहेबांची चौकशी केली. समजा, साहेबांचं आडनाव कुलकर्णी. मी अदबीने म्हटलं, 'कुलकर्णी-सान' बाहेर गेले आहेत. फोन ठेवल्यावर शेजारच्या जपानी बाईंनी हळूच सांगितलं, ते चुकलं. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीतले सगळे 'आपले', अगदी साहेबसुद्धा. त्यांच्या नावापुढे 'सान' लावायचं नाही आणि क्रियापद नम्र वापरायचं : 'कुलकर्णी वा गाइशुत्सु शिते ओरिमासु'.

मराठीत साहेबांना परक्यासमोर नुसतं 'कुलकर्णी' म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे ज्याला अहो-जाहो, त्याला सगळीकडे अहो-जाहो. तिथे आदराची पातळी माणसाला चिकटलेली नसते. ऐकणारा आतला की बाहेरचा, यावर ती ठरते. म्हणूनच घरात आईला 'ओकाआसान' म्हणणारा मुलगा बाहेर तिच्याबद्दल बोलताना साधं 'हाहा' म्हणतो. हे मला दोन वर्षांनी जमलं. चित्राक्षरांना वही होती, याला वही नव्हती.

[दृश्य : नव्या तुकडीचा पहिला दिवस. रिकामा फळा.]

जुलै. नवी तुकडी. पहिल्या तासाला मी चित्राक्षरांचं नावही काढत नाही. फळ्यावर जपानी वर्णमालेच्या ओळींची पहिली अक्षरं लिहिते आणि म्हणून दाखवते : आ, का, सा, ता, ना...

हा क्रम जपानी भिक्षूंनी संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम् लिपी अभ्यासली, त्यातून आलाय. आधी स्वर, मग कंठातून ओठांकडे येणारी व्यंजनं. 'सा' बसलाय तो आपल्या च-वर्गाच्या जागी. पुढचा 'हा' पूर्वी 'पा' होता, म्हणून तो प-वर्गाच्या जागी. हे मी लगेच सांगत नाही. 'ना'पाशी थांबते, पुढे 'हा, मा' एवढंच म्हणते आणि खडू खाली ठेवते.

दरवर्षी कुणीतरी असतंच. यंदा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी होती. जपानीचा एक शब्दही न शिकलेली. ती आपल्याच नादात पुढे म्हणाली, "या, रा... वा?"